रामपत्री ही रामपत्री म्हणूनच विका

उन्हाळा लागला की बारामती-इंदापूरकडं अंगणात मिरच्या वाळत पडतात आणि कांडपावर रांगा लागतात. मसाल्याच्या यादीत दगडफूल, नाकेश्वराबरोबर रामपत्रीही असते. पण ती येते कुठून, हे दुकानदाराला कधी विचारलंय का?

जायपत्री म्हणजे जायफळाच्या बीवरची जाळी. ते झाड बागेतलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्याच्या ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती शेतकऱ्यांना दिल्या. रामपत्री त्याच्या रानटी भावाची, रानजायफळाची. कोकण-गोव्यापासून केरळपर्यंत सह्याद्रीच्या ओल्या रानातलं हे झाड. नर वेगळा, मादी वेगळी. फळ धरते ती मादीच. फळ पिकून उकललं की आतली लाल जाळी बघून धनेश पक्षी येतो, बी गिळतो आणि लांब नेऊन टाकतो. हे बी वाळलं की उगवत नाही. आता फळ उकलायच्या आधीच फांद्यांसकट ओरबाडलं, तर धनेशाला काय अन् रानाला काय? जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हे झाड ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलं आहे, ते उगाच नाही.

याच कुळातल्या झाडांची एक दलदल दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे-हेवाळे इथं आहे. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं श्वास घेतात. जागा अवघी २.५९ हेक्टर. गावानं देवाची राई म्हणून कुऱ्हाड लावली नाही, म्हणून ती राहिली. २०२१ साली सरकारनं तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं.

पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात हे झाड लावायच्या भानगडीत कुणी पडू नये. आपला संबंध येतो तो गिऱ्हाईक म्हणून. महागड्या जायपत्रीत रामपत्री मिसळायची चाल जुनी आहे. रामपत्री खाण्यात वाईट काही नाही, पण तिला जायपत्रीचा भाव का द्यायचा? आणि या भेसळीत रानातून किती माल निघाला, याचा हिशेबच राहत नाही. तेव्हा व्यापाऱ्यांनी दोन्ही माल वेगळे ठेवावेत, पुडीवर नाव लिहावं.

आयाबायांनीही हातात घेऊन बघावं. जायपत्री पिवळसर-नारिंगी, रुंद पाकळ्यांची, चुरली की घमघमते. रामपत्री काळपट तांबडी, बारीक पट्ट्यांची, वासाला मंद.