नावात पाणी अन् नळाला कोरड



बीडच्या नावाचा विषय निघाला की कट्ट्यावर कुणी माघार घेत नाही. एक म्हणतो, गाव बालाघाटाच्या पायथ्याला खोलगट जागी, म्हणून बिळाचं बीड. दुसरा म्हणतो, इथं थोडं खणलं की पाणी लागायचं. अरबीत विहिरीला 'बीर' म्हणतात, त्याचं बीड झालं. तिसरा थेट चंपावतीनगरावर जातो.

चालू द्या. पण या वादात आपण डोळ्यासमोरचं विसरतो. नाव कशावरूनही पडलेलं असो, पाणी कसं राखायचं हे या गावाला कळत होतं. कंकालेश्वराचं देऊळच पाण्याच्या कुंडात बांधलंय. सोळाव्या शतकात निजामशाहीतल्या सलाबतखानानं राजा भास्करच्या हातून खजाना विहीर बांधून घेतली. जमिनीखालच्या वाटांनी पाणी विहिरीत येतं अन् तिथून शेताकडं जातं. ना मोटार, ना लाईट बिल.

आणि आपण? महाशिवरात्रीला कंकालेश्वराची जत्रा, नवरात्रात खंडेश्वरीची. जत्रा जवळ आली की झाडलोट, रोषणाई, कमानी अन् कमानीवर पुढाऱ्यांचे फोटो. पाळणे उतरले की विषय संपला. बिंदुसरेत गटारं सोडलेलीच, पात्रात बांधकामं सरकतच चालली. १९८९ च्या जुलैत याच नदीनं गावात शिरून माणसं नेली, हे इतक्यात विसरलो? आता प्यायचं पाणी लांबच्या माजलगाव धरणातून आणायचं, अन् नळाची वाट बघत बसायचं.

काहीजण म्हणतील, सणात कशाला मिठाचा खडा? अहो, मीही दरवर्षी जत्रेला जातो, लेकरांना पाळण्यात बसवतो. म्हणूनच बोलतोय. ज्या पाण्यात देव बसलाय, ते पाणी एका दिवसापुरतं साफ दिसून भागत नाही.

पुढच्या महाशिवरात्रीआधी जबाबदार लोकांना तीन गोष्टी लेखी विचारू. बिंदुसरेत जाणारी गटारं कधी अडवणार? कुंडातला गाळ कधी काढणार? नदीपात्र कधी मोजणार? उत्तर नाही आलं, तर कमानीवरच्या फोटोंना विचारू.

तुमच्या गल्लीत शेवटचं पाणी कधी आलं, ते खाली लिहा. नाव नको, गल्ली अन् तारीख पुरे. यादी मी करतो, द्यायला सगळे मिळून जाऊ.