जुन्या रायफलीचा मोह

भालकीकडील एक निवृत्त हवालदार नातवाला लसीसाठी माझ्याकडे आणतात. टोचून झाले की विषय हमखास एसएलआरवर येतो. १९६२च्या चीन युद्धात आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले. त्यानंतर इशापूरची ही अर्धस्वयंचलित रायफल त्यांच्या हाती आली. लाकडी दस्ता, पोलादी अंग, ७.६२ मिलिमीटरची गोळी. "तशी रायफल पुन्हा झाली नाही, डॉक्टरसाहेब!"

हा अभिमान निराधार नाही. तिची जागा घेणाऱ्या इन्सासची मॅगझिने १९९९मध्ये कारगिलच्या थंडीत तडकली. तथापि एसएलआर रिकामी असतानाही चार किलोंहून जड. इन्सासची ५.५६ची गोळी हलकी. तेवढ्याच वजनात जवान अधिक काडतुसे नेतो आणि खांद्याला धक्काही कमी बसतो.

आपणा डॉक्टरांनाही हा मोह चुकलेला नाही. उकळून वापरायची काचेची सिरिंज हातात किती भरीव वाटे! तिच्यापुढे एकदाच वापरायची प्लास्टिकची सिरिंज क्षुल्लक दिसते. परंतु उकळण्यात हयगय झाली, की एका बालकाची कावीळ दुसऱ्याला जाण्याचा धोका होता.

जुन्या साधनाला स्मृतीत मानाचे स्थान अवश्य द्यावे. नव्याचीही कसून परीक्षा घ्यावी. कारगिलने तेच शिकविले. निवड मात्र आपल्या आवडीने नव्हे, तर ज्याचा जीव त्या साधनावर अवलंबून आहे, त्याच्या हिताने व्हावी. मग तो सीमेवरचा जवान असो वा आपल्या टेबलावरचे तान्हे मूल.