रजिस्टरातलं पिवळं पाणी

आमच्या ग्रामपंचायतीत कपाटामागे टीसीएलचं, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरीचं, पोतं पडलेलं असतं. तोंड उघडं, वर गेल्या निवडणुकीचा बॅनर पांघरलेला. परवा मुद्दाम वाकून वास घेतला. नाक झोंबलं नाही, डोळे चुरचुरले नाहीत. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. हवा आणि ओल लागली की तो उडून जातो, मागे उरतो चुना. तो चुना शिपाई दर सोमवारी विहिरीत ओततो. पाणी शुद्ध होत नाही, विहिरीला सफेदी तेवढी होते.

शिपायाला मी बोल लावणार नाही. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसला की वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायची, अर्धा तास थांबायचं आणि शेवटच्या नळावर ओ.टी. टेस्ट घ्यायची (क्लोरीन उरला असेल तर पाणी पिवळं होतं), हे त्याला कुणी दाखवलंच नाही. टेस्टची बाटली तर मी आजवर पाहिलेली नाही. रजिस्टरात मात्र तीस तारखेपर्यंत ‘पिवळा’ लिहून तयार. मी पाहिलं तेव्हा बारा तारीख होती!

आणि आपण? गेल्या पावसाळ्यात पुतण्याला कावीळ झाली, तेव्हा अर्धं गाव मला कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देत होतं. विहिरीचा विषय एकानंही काढला नाही. उलट कधी चुकून ताजी पावडर पडली, की बोंब सुरू: पाण्याला वास येतो! अहो, तो वास म्हणजेच राखण. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला, तरच वाटेत फुटक्या पाइपातून शिरलेल्या घाणीशी कुणीतरी झुंजतं. ऐपतवाल्यांनी आरओ बसवला. त्यातला कोळसा आधी हा राखणदारच काढून टाकतो. मग माठात कुणाचा हात बुडाला की पाणी पुन्हा उघडं. बाकीचे थंड पाण्याचे जार मागवतात. थंड म्हणजे शुद्ध, हा शोध कुणाचा कोण जाणे. काहींची भिस्त तुरटीवर. तुरटीनं गाळ बसतो, रोगजंतूंचा भरवसा नाही. तिच्यानंतर क्लोरीन लागतोच.

शहरानं हसू नये. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या तपासणीत दूषित पाण्यातूनही पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर सापडला. पुरेशा क्लोरीनपुढे हा जंतू टिकत नाही.

ओ.टी.ची बाटली मी स्वतःच्या पैशानं आणली आहे. येत्या ग्रामसभेला ती घेऊन येतोय. सरपंचसाहेब, पहिला नळ तुमच्या घरचा.