हसावे, पण कोणाला?

हवामानबदलाचे गांभीर्य लोकांच्या गळी उतरत नाही, तेव्हा आता विनोदाचा आश्रय घ्यावा, असा सल्ला शहाणी मंडळी हल्ली देऊ लागली आहेत. सल्ला वाईट नाही. परंतु लोक अज्ञानी आणि विनोद म्हणजे कडू गोळीवरची साखर, हे त्यामागचे गृहीत मला मान्य नाही. कृष्णा-तारळीच्या संगमावरील आमच्या उंब्रजात नदी कधी चढते, हे शेतकऱ्याला कोणी हसवून सांगावयास नको. त्या आपत्तीचा हिशेब कोणाच्या नावे मांडावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

एप्रिल २०१३ मध्ये दुष्काळी सोलापूरचा एक शेतकरी उजनीच्या पाण्यासाठी मुंबईत उपोषणास बसला होता. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी इंदापूर तालुक्यातील सभेत त्याची थट्टा केली. धरणात पाणीच नाही तर लघवी करावयाची काय, असा तो विनोद. सभेत हशा पिकला, हे मला अधिक लागले. पुढे पवारांनी माफी मागितली, आमच्या शेजारी कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी एक दिवस आत्मक्लेशही केला. परंतु धरणाचे पाणी कोणाच्या उसाला जाते, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आधी हशात आणि मग आत्मक्लेशात बुडाला.

तमाशाच्या फडावरील विनोदाची जात निराळी. तेथे सोंगाड्या राजाला राजासमोरच वेड्यात काढतो. सत्यशोधक जलशांनी सावकारशाही अशीच चव्हाट्यावर आणली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तोच वारसा चालवला. निळू फुले, राम नगरकर त्यातलेच. आज अशा फडाला विषयांची वाण नाही. ऑगस्ट २०१९ च्या ज्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली, त्याच पुरात शासनाचा निर्णय निघाला: दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या कुटुंबास दहा किलो गहू व दहा किलो तांदूळ मोफत! सोंगाड्याने तो नुसता मोठ्याने वाचावा. दीड दिवस बुडालेल्या चुलीने काय करावे, हे प्रधानजींना विचारावे. अमेरिकेतील माणूस वर्षाकाठी सुमारे १४ टन कर्बवायू हवेत सोडतो, भारतीय सुमारे दोन टन. मग काटकसरीचे प्रवचन आमच्याच दारी का, हेही विचारावे. आमच्या उसाचीही झडती घ्यावी. माझाही पाऊण एकर आहे. माझी हरकत नाही.

अशा वगाला शासकीय अनुदान मिळणार नाही, हे उघड आहे. तो यात्रेच्या वर्गणीतूनच उभा करावा लागेल.