सायकलस्वाराच्या वाट्याला किती रस्ता?

खास प्रतिनिधी, मुंबई

पहाटे दादर स्थानकाबाहेर वृत्तपत्रांचे गठ्ठे सुटतात आणि हँडलपासून कॅरिअरपर्यंत लादलेल्या सायकली परळ, नायगाव, प्रभादेवीच्या दिशेने निघतात. त्याच सुमारास लालबागच्या चाळींत पाववाल्याची घंटा वाजते, गिरगावच्या वाड्यांत दुधाचे कॅन अडकवलेल्या सायकली शिरतात. ऊन वर आले की डबेवाल्यांची लगबग सुरू होते. या मंडळींना कोणी 'सायकलपटू' म्हणत नाही. मुंबईत सायकलच्या सुरक्षिततेची चर्चा निघाली, की डोळ्यांसमोर येतो तो रविवारी सकाळी मरिन ड्राइव्हवर हेल्मेट घालून निघालेला हौशी स्वार. मोटारींच्या बरोबरीने सायकल चालविणे अधिक धोक्याचे होत चालले आहे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र पाववाला आणि पेपरवाला यांना वगळून देता येणार नाही.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईत नेरुळ येथे टॅक्सीच्या धडकेत सायकलस्वार अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. ते 'इंटेल' कंपनीचे भारतातील माजी प्रमुख होते. त्यामुळे या अपघाताची देशभर वार्ता झाली आणि सायकलस्वारांच्या सुरक्षिततेवर चार दिवस चर्चाही झडली. पण मुंबईच्या रस्त्यावर सायकलवरून पडणारा माणूस बहुधा कपडे झटकून उठतो, वाकलेले चाक सरळ करून घेतो आणि पुढच्या दारी जातो. त्याची तक्रार नसते, म्हणून पोलिसांकडे नोंद नसते. आणि नोंद नसते, म्हणून नियोजनात त्याचा विचार नसतो.

देशपातळीवरील आकडे मात्र बोलके आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०१७ मध्ये देशात सुमारे साडेतीन हजार सायकलस्वार रस्ते अपघातांत मरण पावले. २०२२ मध्ये ही संख्या ४,८०० च्या वर गेली. याच काळात रस्त्यांवरील एकूण मृत्यू सुमारे १ लाख ४८ हजारांवरून १ लाख ६८ हजारांवर गेले. म्हणजे एकूण बळींमध्ये साधारण १४ टक्क्यांची वाढ होत असताना सायकलस्वार बळींची संख्या एक तृतीयांशाहून अधिक वाढली. नोंदीची पद्धत बदलल्याचा काही परिणाम या वाढीत असू शकेल. तरीही दिशा स्पष्ट आहे.

शहरापुरता विचार करताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. सायकलस्वारांचे मृत्यू कमी दिसले म्हणून रस्ता सुरक्षित झाला, असे म्हणता येत नाही. सायकल चालविणारेच घटले, तर अपघातही घटणार. रस्त्यावरून मुलांच्या सायकली नाहीशा झाल्या, याचे कारण मुलांना सायकल नकोशी झाली हे नव्हे, तर पालकांना धोका वाटू लागला हे आहे. धोक्यामुळे जे रस्त्यावर आलेच नाहीत, त्यांची मोजदाद अपघाताच्या तक्त्यात होत नाही. अमेरिकी अभ्यासक पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये विविध शहरांची आकडेवारी तपासून असे दाखवून दिले, की रस्त्यावर सायकली आणि पादचारी जितके अधिक, तितका त्यांतील प्रत्येकाला असलेला धोका कमी. वाहनचालकाला त्यांची सवय होते, तो सावध राहतो. मुंबईत या सूत्राची उलटी बाजू अनुभवास येत आहे. सायकली विरळ झाल्या आणि उरलेला सायकलस्वार चालकाच्या लेखी एक अनपेक्षित अडथळा बनला.

रस्ता तोच, वाहने चौपट

२००१ च्या सुमारास मुंबईतील नोंदणीकृत वाहने दहा लाखांच्या घरात होती. २०२२ पर्यंत ती चाळीस लाखांपलीकडे गेली. रस्त्यांची लांबी मात्र आजही दोन हजार किलोमीटरच्या आसपासच आहे. गिरणगावात हा बदल अधिक जाणवतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि त्या जमिनींवर कार्यालये, मॉल व टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. पाळीला पायी किंवा सायकलने जाणाऱ्या कामगारांसाठी आखलेल्या परळ-लालबागच्या रस्त्यांवर वाहनतळाचे अनेक मजले असलेल्या इमारतींतील मोटारींचा भार पडला.

या मोटारींसाठी पूलही बांधले गेले. जे. जे. उड्डाणपुलावर २०१० पासून दुचाकींनाही बंदी आहे. भायखळा ते परळ हा लालबागचा उड्डाणपूल २०११ मध्ये खुला झाला. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या सागरी किनारा मार्गावर सायकल व दुचाकीला प्रवेश नाही. वेगवान मार्गांवर सायकल नसावी, हे तर्काला धरूनच आहे. अडचण आहे ती पुलाच्या पायथ्याशी. पुलावरून वेगात उतरणारी मोटार आणि खालच्या रस्त्याने कडेकडेने येणारी सायकल जेथे एकत्र येतात, तेथे दोघांच्या वेगांतील फरक सर्वाधिक असतो आणि तेथेच सायकलस्वारासाठी कोणतीही सोय नसते.

कडेची स्थितीही निराळी नाही. कायदा व व्यवहार दोन्ही सायकलला डाव्या बाजूस ढकलतात. पण डावी बाजू रिकामी असते कोठे? गोखले रोड असो वा गिरगावातील जगन्नाथ शंकरशेठ मार्ग, कडेला उभ्या मोटारी, थांब्यावर तिरकी घुसणारी बस, अचानक उघडणारे टॅक्सीचे दार, सिमेंटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली खाच, गटाराची जाळी हे सारे त्याच पट्ट्यात. ते चुकविण्यासाठी सायकलस्वार उजवीकडे सरकतो आणि मागून येणाऱ्या मोटारीच्या पुढ्यात सापडतो.

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल शिवडी-वरळी जोडमार्गाच्या कामासाठी बंद झाला. पूर्व-पश्चिम जाणारी वाहतूक दादरचा टिळक पूल आणि करी रोड, चिंचपोकळीच्या पुलांकडे वळविण्यात आली. या पुलांवर सायकलस्वाराला कडेला होण्यासाठीही जागा नाही.

कोंडीत निदान वेग नसतो. पहाटे तोही दिलासा उरत नाही. ७ जुलै २०२४ रोजी पहाटे वरळीत भरधाव मोटारीने मासळी घेऊन स्कूटरवरून परतणाऱ्या कोळी दांपत्याला उडविले आणि त्यातील महिलेचा मृत्यू झाला. रस्ते मोकळे, चालक बेफाम आणि कष्टकरी कामाला निघालेला, अशी ही वेळ असते. पेपरवाला, दूधवाला, पाववाला यांचीही हीच वेळ आहे.

मार्गिका आल्या आणि गेल्या

प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये सायकल मार्गिका आखण्यात आली. तिच्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि अखेर २०२५ मध्ये ती काढून ती जागा वाहनांच्या मार्गिकेला देण्याचा निर्णय 'एमएमआरडीए'ने घेतला. डिसेंबर २०१७ मध्ये एनसीपीए ते वरळी अशी दर रविवार सकाळची मार्गिका महापालिकेने सुरू केली. उपक्रम स्तुत्य होता. मात्र तो सुटीच्या दिवसाचा, व्यायामाचा होता. कामाच्या दिवशी करी रोडहून दादरला जाणाऱ्याच्या उपयोगाचा तो नव्हता. वाहनांपेक्षा माणसांच्या हालचालीला प्राधान्य देण्याचे तत्त्व केंद्राच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच स्वीकारले आहे. ते कागदावरून डॉ. आंबेडकर मार्गावर उतरलेले नाही.

सायकलस्वारांची बाजू निर्दोष आहे, असेही मानण्याचे कारण नाही. विरुद्ध दिशेने येणे, मागे लाल दिवा वा परावर्तक नसणे, तोल जाईल इतका माल लादणे हे नित्याचेच दृश्य आहे. मात्र त्यावर बंदी हा उपाय ठरत नाही. कोलकात्यात २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई करण्यात आली, तेव्हा त्याचा फटका दूधवाले, फेरीवाले आणि छोटे कारागीर यांनाच बसला.

याउलट उदाहरण नेदरलँड्सचे. आज सायकलींचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या देशात १९७१ मध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० जणांचा बळी गेला. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, इंधनटंचाईची जोड मिळाली आणि शासनाला रस्त्यांची फेरआखणी करावी लागली. तेथील सायकल संस्कृती उपजत नव्हती, ती मागून मिळविलेली आहे.

दक्षिण व मध्य मुंबईत स्वतंत्र मार्गिकेला सर्वत्र जागा निघणार नाही, हे मान्य. पण काही गोष्टींना जागा लागत नाही, इच्छा लागते. मुख्य रस्त्यांची डावी कड निदान सकाळच्या वेळी वाहनतळमुक्त ठेवणे, जाळ्या व खाचा रस्त्याच्या पातळीत आणणे, पुलांच्या पायथ्याशी वेग रोखणे, पहाटेच्या वेगावर नजर ठेवणे आणि या सर्वांआधी रस्त्यावरील सायकली मोजणे. मेट्रो ३ च्या कामासाठी गिरगाव-दादरमध्ये वर्षानुवर्षे उभे असलेले पत्रे काढल्यावर मोकळी होणारी जागा कोणाला द्यायची, हा निर्णय तर थेट महापालिका आणि वाहतूक पोलिसांच्या हातातील आहे. ती पुन्हा उभ्या मोटारींनाच मिळाली, तर धोका वाढतो आहे काय, हा प्रश्न विचारण्याचीही गरज उरणार नाही.