डुकराचा ताप आणि माणसाची घाई

ऑगस्ट २००९ मधले पुणे अनेकांच्या स्मरणात असेल. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी ३ ऑगस्टला इथेच घेतला, तोही एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल आले, मास्कसाठी रांगा लागल्या. त्या रांगेत माझ्या मागचे गृहस्थ म्हणाले, "गावातली डुकरं एकदा मारून टाका, म्हणजे सुटलो!"

कैरोत नेमके तेच घडले होते. इजिप्तमध्ये एकही रुग्ण नसताना एप्रिलअखेरीस सरकारने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा हुकूम काढला. त्यांतली पुष्कळशी घरोघरचा कचरा उचलणाऱ्या झबालीन लोकांची होती. कैरोतल्या उष्ट्याखरकट्यावर ती पोसली जात. डुकरे गेली, उष्टे रस्त्यावर कुजू लागले आणि फ्लू यायचा तो आलाच. कारण तो आता माणसाकडून माणसाला होत होता.

डुकरांना फ्लू होतो, हे मात्र खरे. रिचर्ड शोप यांनी त्याचा विषाणू अमेरिकेत शोधला, त्यानंतर १९३३ मध्ये माणसाच्या फ्लूचा सापडला. जनावराला ताप, खोकला येतो. बहुतेक जनावरे आठवडाभरात बरी होतात. मेख पुढेच आहे. पक्ष्यांचे आणि माणसांचे विषाणू डुकराच्या शरीरात एकत्र येऊ शकतात आणि त्यांच्या सरमिसळीतून नवाच विषाणू निपजू शकतो. शिवाय माणूसही डुकराला फ्लू देतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

उपाय साधेच आहेत. नवे जनावर काही दिवस वेगळे बांधावे, लस टोचावी, शेडमध्ये हवा खेळती ठेवावी, खोकणाऱ्या माणसाने तिकडे फिरकू नये. आणि जनावर शिंकू लागताच तपासणीसाठी कळवावे.

हा शेवटचा उपाय सर्वांत अवघड. बँकेत मी वर्षानुवर्षे जनावरांसाठी कर्जे दिली. म्हैस आजारी पडली की कर्जदार शाखेकडे फिरकत नसे. तो लबाड नव्हता, घाबरलेला होता. खरे सांगून आपलेच बुडणार असेल, तर कोण सांगेल? डुकरे पाळणाऱ्याचेही तसेच. कळवल्याबरोबर कत्तल होणार आणि भरपाईचा भरवसा नाही, असे दिसले की तो गप्प बसेल. विषाणूला याहून सोयीचे काय?

म्हणून नुकसानभरपाईची तरतूद साथ येण्याआधीच व्हायला हवी. ती डुकरे पाळणाऱ्यावर मेहेरबानी नव्हे. तो आपल्या सर्वांच्या विम्याचा हप्ता आहे.