भिरंड अंगणात, बाटली टेबलावर

मार्गारिटा हे मेक्सिकन पेयाचे नाव आता जोयडा तालुक्यालाही परके राहिलेले नाही. पुण्या-बेंगळुरूस नोकरीला गेलेली मुले मे महिन्यात घरी येतात. गोव्याची हद्द तर अनमोडच्या पलीकडेच. तेव्हा आंब्याची, स्ट्रॉबेरीची मार्गारिटा पडवीत बसून घरीच करण्याची हौस आली, यात नवल नाही. या हौसेवर संस्कृतीच्या नावाने तुटून पडणारे पुष्कळ आहेत. आमचा वाद त्यांच्यासारखा पेल्यातील मद्याशी नाही. मद्य घ्यावे की न घ्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचा आक्षेप एवढाच, की ज्या फळाच्या नावाने तो पेला भरला जातो, ते फळच त्यात नसते.

मूळ मार्गारिटा अगदी साधी आहे. टकीला ५० मिलिलिटर, संत्र्याच्या सालीच्या स्वादाचे गोड मद्य २० आणि लिंबाचा ताजा रस १५; पेल्याच्या कडेला मीठ. आंबट, गोड आणि खारट यांचा तोल, एवढेच तिचे रहस्य. १९७१ साली अमेरिकेतील डॅलस शहरी मारियानो मार्टिनेझ यांनी आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून गोठवलेली मार्गारिटा काढली. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. यंत्रापुढे गिऱ्हाइकांची रांग लागली की लिंबे पिळत बसणे परवडत नाही. तयार मिश्रण सोयीचे पडते. दुकानदाराची ही अडचण आम्ही समजू शकतो. पण आपल्या पडवीत रांग कोणाची लागली आहे? घरच्या चार पेल्यांसाठी रंग, साखर आणि कृत्रिम स्वाद यांची बाटली शहरातून आणावी, आणि त्याच वेळी परसात भिरंडांचा सडा पडून कुजावा, याला काखेत कळसा आणि गावाला वळसा याखेरीज दुसरे नाव नाही.

भिरंड, म्हणजे घाटाखालचा रातांबा, कानडीतील मुरुगल, हे सह्याद्रीचे स्वतःचे फळ. मार्गारिटाला जे हवे ते सारे त्यात आहे. आंबटपणा इतका, की लिंबाची गरज नाही. रंग असा, की बाटलीतील लाल रंगाने लाजावे. पिकलेली फळे कापून बिया काढाव्या, सालींच्या वाट्यांत साखर भरून त्या चिनी मातीच्या बरणीत रचाव्या, तोंडाला फडके बांधून बरणी काही दिवस उन्हात ठेवावी. साखर विरघळली की पाक गाळून घ्यावा. चुलीवर उकळू नये. उकळल्याने रंग काळवंडतो. या पाकात गार पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की पेय पूर्ण झाले. पेल्याच्या कडेला मीठ-तिखट लावावे. कैरीचे पन्हे, करवंदाचा रस यांनाही हाच न्याय. आंबाच हवा असेल तर आपल्याच जिल्ह्यातील अंकोल्याचा करी इशाड आहे. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आमचे म्हणणे असे, की पेय मद्याआधीच पूर्ण झाले पाहिजे. ज्याला हवे त्याने आपल्या पेल्यात टकीला घालावी, वा काजूची फेणी. तिलाही २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मात्र घरी दारू गाळणे हा गुन्हा आहे आणि हद्दीपलीकडून ती आणण्यालाही अबकारीचे नियम आहेत, हे विसरू नये. पण एकाच बरणीतून आजीला, नातवाला आणि पाहुण्याला वाढता यावे. जे पेय मद्याशिवाय तोंडात धरवत नाही, त्यात फळ नाही असे खुशाल समजावे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कोण करणार? एका दिवसाचे काम आणि पुढे उन्हाचे काम, यापलीकडे त्यात खटाटोप नाही. खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ज्या झाडाचे फळ घरात येत नाही, ते झाड अंगण वाढवताना प्रथम तोडले जाते. भिरंडाचे बियांपासून केलेले रोप फळ धरायला सात-आठ वर्षे घेते. त्यातही साधारण निम्मी झाडे नर निघतात, आणि कोणते नर ते फुलोऱ्यापर्यंत कळत नाही. फळते झाड एका सकाळी पडते. त्याची जागा भरायला दशक लागते.

आपली घराणी या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली. पुढे काळी नदीवरील धरणाखाली जुने सुपे गाव गेले, तेव्हा घरांबरोबर परसही बुडाले. बुडालेले परत येत नाही. परंतु जे उभे आहे ते आपल्याच आळसाने गमावणे अक्षम्य होय. भाषा टिकवण्याच्या गोष्टी आपण सभांतून करतो. आमसूल, आगळ, मुठेल हे शब्द बरणीवाचून टिकणार नाहीत. तेव्हा येत्या लग्नसराईत पाहुण्यांपुढे बाटलीतील रंगीत पाणी ठेवणाऱ्या घराला आम्ही सरळ विचारू: तुमच्या परसातले भिरंड अजून उभे आहे ना? असेल, तर पावसाआधी फळे उतरवा.